पुढच्या काउंटरवर जा!

पडद्यावर दरोडा पडला की बाकीचे प्रेक्षक दरोडेखोराबरोबर पळतात. मी आपला आत कारकुनांपाशीच थांबतो. बँकेत इतकी वर्षं काढल्यावर दुसरं काय होणार!

त्यामुळे कॅरल रीडचा ‘ऑड मॅन आउट’ (१९४७) बघायला बसलो तो जरा नाराजीनंच. नायक जॉनी मॅक्वीन, म्हणजे जेम्स मेसन, हा उत्तर आयर्लंडमधल्या एका गुप्त संघटनेचा पुढारी. तुरुंगातून पळालेला आणि महिनोन्महिने एका घरात दडलेला. संघटनेसाठी गिरणीची रोकड लुटायला जातो, निघताना झटापटीत एकाला ठार करतो, स्वतः गोळी खातो आणि साथीदारांच्या गाडीतून रस्त्यावर पडतो. गाडी आपली पुढे!

इथून मात्र मी सावरून बसलो. पुढचं सगळं रोजच्या ओळखीचं निघालं. दोन बायका त्याला अपघातातला समजून घरात घेतात, मलमपट्टी करतात; हा कोण ते कळल्यावर त्यांचे चेहरे उतरतात आणि तो आपणच उठून पावसात जातो. घोडागाडीवाला त्याला आडबाजूला उतरवतो आणि बजावतो, तुमच्या लोकांना माझं नाव जरूर सांगा, पोलिसांना मात्र नको! दारूच्या गुत्त्याचा मालक त्याला एका खणात कोंडतो, कारण गिऱ्हाइकं बिथरतील. म्हटलं तर कुणीच दुष्ट नाही. पकडूनही देत नाहीत, ठेवूनही घेत नाहीत. ‘आमच्याकडचं काम झालं, पुढच्या काउंटरवर जा!’

शेवटाकडे रॉबर्ट न्यूटनचा चित्रकार येतो. मरणाऱ्याचे डोळे रंगवायचे म्हणून तो इतका आरडाओरडा करतो, की चित्रपटाचा तोल तेवढा वेळ जातो. पण रॉबर्ट क्रॅस्करच्या छायाचित्रणात तो पाऊस, मग पडणारा बर्फ, ओले अंधारे बोळ... तिथं तक्रारीला जागा नाही.

घरी येताना एक पेन्शनर आजोबा आठवले. त्यांना तीन खिडक्या मीच फिरवलं होतं, आणि तेही अगदी नम्रपणे.

आणि गिरणीतला तो मेलेला माणूस? ‘तो मेला का हो?’ असं कळवळून विचारणारा मला एकच दिसला. त्याला मारणारा जॉनी.