फाशांवरचे वक्तृत्व
अमेरिकेत १९८६ साली स्टीव्ह जॅक्सन यांचा ‘गर्प्स’ हा भूमिकाखेळ निघाला. मंडळी टेबलाभोवती बसून एकेक पात्र घेतात आणि पुढचे पुष्कळसे फाशांवर सोडतात. त्याच्या २००४ च्या आवृत्तीत वक्तृत्व हे स्वतंत्र कौशल्य आहे. पात्राचे वक्तृत्व १२ असेल, तर तीन फाशांची बेरीज १२ किंवा कमी आली की सभा जिंकली! शंभरात सुमारे ७४ वेळा. आवाज भारदस्त असेल तर २ गुण अधिक, पात्र तोतरे असेल तर २ उणे.

कादंबरीकाराला हे खटकतेच. ‘त्याने प्रभावी भाषण केले’ एवढे लिहून मी सुटत नाही. वाचक विचारतो, बोलला काय? पण मास्तर म्हणून मी नियमाच्या बाजूचा. वर्गात अडखळणारा मुलगा इथे सभा गाजवू शकतो. योद्धा झालेल्याला तलवार येते का, हे कोण विचारतो? (आमच्या वक्तृत्वस्पर्धांत पाठांतराला बक्षीस मिळते, ते निराळेच.)

मात्र फासे टाकण्यापूर्वी खेळ चालवणाऱ्याने विचारावे, ‘लोकांना सांगणार काय?’ अडखळत का होईना, मुद्दा त्या मुलाचाच हवा. आणि तो चांगला निघाला, तर आवाजाला देतात तसे २ गुण त्यालाही द्यावेत.