लोकनृत्यातला ‘लोक’ कोण?

विद्यापीठाच्या युवा महोत्सवाचे परिपत्रक यंदाही आमच्या महाविद्यालयाच्या फलकावर लागले आहे. एकांकिका, प्रहसन, मूकाभिनय, नक्कल, शास्त्रीय नृत्य, लोकनृत्य अथवा आदिवासी नृत्य अशी यादी आहे आणि प्रत्येक प्रकारापुढे कलावंतांची संख्या व मिनिटे लिहिली आहेत. संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या पाच जिल्ह्यांतून, म्हणजे आमच्या यवतमाळातूनही, मुलामुलींचे चमू तेथे उतरतील. निवडलेले पुढे राज्यपाल कार्यालयाच्या पुढाकाराने २००३ पासून भरणाऱ्या ‘इंद्रधनुष्य’मध्ये आणि भारतीय विद्यापीठ संघाच्या महोत्सवात जातील. मी या महोत्सवांशी बरीच वर्षे संबंधित आहे. मुलांना घेऊन गेलो आहे, दोनदा परीक्षकाच्या टेबलामागेही बसलो आहे. तेव्हा जे दोष मी येथे दाखवणार आहे त्यांत माझाही वाटा आहे, हे आधीच सांगून टाकतो.

हा लेख लिहिण्यास एक प्रसंग कारण झाला. पैनगंगेच्या अलीकडच्या एका महाविद्यालयात (नाव सांगण्याचे कारण नाही, अशी महाविद्यालये अनेक आहेत) लोकनृत्यासाठी पोतराज ठरला. शहरातून एक नृत्यदिग्दर्शक बोलावला गेला. त्याने ढोलाच्या ठेक्यावर दहा जणांची रचना बसवली. पण कोरडा फिरवण्याची ती ‘खरी’ ढब कोणाला जमेना. तेव्हा कोणीतरी सुचवले की मांगवाड्यातला अमुक एक विद्यार्थी आहे, त्याचा आजा पोतराज होता, त्याच्या अंगातच असेल ते. मुलाला बोलावले. तो आला, उभा राहिला आणि म्हणाला, “सर, माह्या आज्याचे केस बापानं कापले. आता मी केसायचा टोप लावून नाचू का?”

दिग्दर्शक हसला. त्याला वाटले, मुलगा लाजतो आहे. प्राध्यापक मंडळींनी समजूत घातली, कला आहे, तिला जात नसते, शिवाय महाविद्यालयाच्या प्रतिष्ठेचा प्रश्न आहे. मी तेथे पाहुणा म्हणून बसलो होतो आणि मीही त्या वेळी काही बोललो नाही.

पोतराजाचे केस म्हणजे काय, हे या पानांच्या वाचकांना सांगावे लागू नये. पण विद्यार्थी वाचकांसाठी सांगतो. मरीआईला सोडलेल्या माणसाने केस कापायचे नाहीत, कमरेला चिंध्यांचा घोळ गुंडाळायचा, पायात घुंगरू बांधायचे, स्वतःच्या अंगावर कोरडा ओढायचा आणि दारोदार मागायचे. हा त्याचा छंद नव्हता. कुटुंबात मूल जगले नाही, साथ आली, नवस बोलला गेला, की मांगाच्या एका पोराचे आयुष्य देवीच्या नावाने भीक मागण्यास बांधले जाई. म्हणून आपल्या चळवळीत पोतराजाचे केस कापणे हा मुक्तीचा विधी झाला. १६ जून १९३६ रोजी मुंबईत दामोदर हॉलमधील सभेत बाबासाहेब जोगतिणी, आराधी, भुत्ये आणि देवदासी यांच्याशी बोलले, तेव्हाही त्यांचा आग्रह हे जिणे सोडण्याचा होता. येवल्याची घोषणा होऊन तेव्हा वर्षही झाले नव्हते. धर्म सोडण्याची गोष्ट आणि हे जिणे सोडण्याची गोष्ट त्यांनी वेगळी मानली नाही.

आता त्याच जिण्याला विद्यापीठाच्या मंचावर दहा मिनिटे मिळतात. पडदा उघडतो, लाल प्रकाश पडतो, कोरड्याचा आवाज ध्वनिफितीतून फटकारतो आणि सभागृह शिट्ट्यांनी भरून जाते. नाचणारी मुले बहुधा या जातीची नसतात, असली तरी त्यांनी ते जगलेले नसते. पाहणाऱ्याला वाटते, काय हा जोश! मार त्याच्या पाठीवर कधी पडलेला नाही, म्हणून त्याला त्यात ताल ऐकू येतो. जोगवा, गोंधळ, मुरळी यांचेही तेच. माझा आक्षेप त्या मुलांच्या मेहनतीवर नाही. महिना महिना त्या पोरी तळपाय फोडून घेतात. आक्षेप आहे तो या प्रकारांना ‘लोक’ हा गोंडस शब्द लावून त्यांतला सक्तीचा इतिहास पुसून टाकणाऱ्या दृष्टीवर.

ही दृष्टी नियमांतच बसलेली आहे. भारतीय विद्यापीठ संघाच्या ज्या नियमांवर हे सारे महोत्सव चालतात त्यांत लोकनृत्याचे मूल्यमापन ताल, रचना, भाव, वेशभूषा, रंगभूषा, नेपथ्य आणि एकूण परिणाम यांवर होते. नृत्य कोणाचे, कोणत्या परिस्थितीत जन्मले, नाचणारा त्याबद्दल काय म्हणतो, यांना गुण नाहीत. प्रवेशिकेसोबत विषयाची छोटी टीप आणि गाण्याचे शब्द द्यावे लागतात, तेवढी एक फट आहे. पण टेबलामागे बसून सांगतो, ती टीप आम्ही नाच सुरू झाल्यावर चाळतो. प्रहसनाचा नियम तर याहून बोलका आहे. त्यात कटू टोमणे नकोत, केवळ निरागस उपहास आणि विनोद अपेक्षित आहे. आता सांगा, ज्याला गावाच्या विहिरीवर टोमणे ऐकत वाढावे लागले त्याने उपहास करायचा तो निरागस? मूकाभिनयाला मात्र अशी अडचण येत नाही. आमच्या पोरांना त्यात हमखास बक्षीस मिळते. ‘मूकनायक’ निघून शंभर वर्षे उलटली तरी आमचे मूकपण लोकांना अजून आवडते, असे मी एकदा परीक्षकांच्या चहाच्या वेळी म्हणालो. कोणी हसले नाही.

आदिवासी नृत्याची कथा आणखी दुःखाची आहे. आमच्या जिल्ह्यात केळापूर, झरी जामणी, मारेगाव, घाटंजी या भागांत कोलामांचे पोड आहेत. त्यांची कोलामी ही द्राविडी कुळातली स्वतंत्र भाषा आहे. शासनाच्या कागदावर ते ‘विशेष असुरक्षित’ गटांत मोडतात. पोडावरचा कोलाम शर्ट-धोतरात किंवा शर्ट-पँटमध्ये असतो, बाई लुगड्यात. मंचावरचा ‘आदिवासी’ मात्र प्लॅस्टिकची पाने कमरेला बांधून, तोंडाला पांढरे पट्टे ओढून, हातात भाला घेऊन ‘हुर्र हुर्र’ करत येतो. हा आदिवासी यवतमाळच्या कोणत्याही पोडावर सापडत नाही, तो सिनेमातून आला आहे. नदीपलीकडे आदिलाबादच्या राजगोंडांची गुसाडी पाहा. मोरपिसांचा तो भव्य टोप दिवाळीच्या दंडारीत चढतो तो व्रत म्हणून. तो घालणारा त्या दिवसांत आंघोळही करत नाही आणि चमू गावोगाव पाहुणा म्हणून जातो. गावे जोडली जातात. मार्लवाईचे कनक राजू यांनी ही गुसाडी पुढच्या पिढ्यांना शिकवली, २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०२४ मध्ये ते गेले. आमच्या महाविद्यालयांना मोरपिसांचा टोप भाड्याने आणण्याची बुद्धी होते, पण चार तासांवरच्या त्या गावी एखादा विद्यार्थी पाठवून विचारावे, हे कोणाला सुचत नाही.

मुळात नाच वेगळा आणि नाट्य वेगळे, ही विभागणी आमची नव्हे. झाडीपट्टीच्या दंडारीत नाच आणि सोंग एकाच रात्रीत येतात. तमाशात गणापासून वगापर्यंत पायही चालतो आणि तोंडही चालते. जलशाने याच रचनेचा उपयोग केला. सत्यशोधकांनी आणि त्यांच्यानंतर भीमराव कर्डकांसारख्या आंबेडकरी जलसाकारांनी तमाशाचा साचा घेतला, त्यातला देव आणि शृंगार काढला आणि तेथे विचार बसवला. अण्णा भाऊ साठ्यांनी लोकनाट्यात हेच केले. मांगाच्या घरात जन्मलेल्या या माणसाने डफ टाकून दिला नाही, डफाने काय बोलावे ते मात्र बदलले. प्रश्न डफ वाजवावा की न वाजवावा हा नाही. दोन्ही बाजूंना आपल्याकडे प्रामाणिक माणसे आहेत. बापाने आडात टाकलेले वाद्य नातवाने पुन्हा उचलू नये, असे म्हणणाऱ्यांचा राग मी समजू शकतो. परंतु विद्यापीठाची विभागणी आम्हांला असे सांगते की नाचायचे असेल तर बोलू नका आणि बोलायचे असेल तर एकांकिकेच्या चौकटीत, ३० मिनिटांत, बैठकीच्या खोलीत बोला. डफ एका गटात, शब्द दुसऱ्या गटात. हे मला मान्य नाही.

महाविद्यालयाचा मंच आमच्यासाठी परका आहे असेही मी मानत नाही. दलित रंगभूमीचे एक मूळ महाविद्यालयातच आहे. औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात १९५५ साली म. भि. चिटणीसांचे ‘युगयात्रा’ झाले ते स्नेहसंमेलनासाठी, आणि बाबासाहेबांनी ते पाहिले. पुढच्या वर्षी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपुरात धम्मदीक्षेसाठी जमलेल्या लाखोंपुढे त्याचा प्रयोग झाला. स्नेहसंमेलनातले एक नाटक दीक्षाभूमीपर्यंत पोहोचते, एवढी ताकद त्या मंचात होती. त्याच्याही आधी शंभर वर्षे जोतीरावांनी ‘तृतीय रत्न’ लिहिले. १८५५ साली ते दक्षिणा प्राइज कमिटीपुढे ठेवले, कमिटीने नाकारले. ते छापले गेले १९७९ मध्ये, म्हणजे १२४ वर्षांनी. त्या नाटकातले शेतकरी जोडपे जोश्याच्या तावडीतून सुटून शेवटी रात्रीच्या शाळेकडे वळते. परीक्षक मंडळींनी ज्याला गुण दिले नाहीत ते नाटक शाळेच्या दारात संपते, हे आमच्या नाट्यमंडळांनी ध्यानात ठेवावे.

येथे आपल्या माणसांविषयीही बोलले पाहिजे. गेल्या काही वर्षांत महोत्सवातल्या ‘दलित विषयाच्या’ एकांकिका पाहून मी अस्वस्थ होतो. एक गरीब मुलगी, एक पाटील, एक अत्याचार, लाल दिवा, किंकाळी, मग निळा दिवा, बाबासाहेबांची तसबीर आणि घोषणा. टाळ्या होतात. पण पात्रांना बुद्धी नसते, विनोद नसतो, चूक करण्याचा अधिकार नसतो. दुःख दाखवून गुण मिळवणे आणि पोतराज नाचून गुण मिळवणे यांत मला फार अंतर दिसत नाही. दोहोंत पाहणाऱ्याची सोय पाहिलेली आहे. याउलट प्रेमानंद गज्वींची ‘घोटभर पाणी’ आठवा. १९७७ ची ही एकांकिका, दोन नट, मंचावर जवळजवळ काही नाही. गावोगावच्या स्पर्धांतून तिचे असंख्य प्रयोग झाले, कारण ती एका घोटाच्या पाण्यातून सगळी व्यवस्था उलगडते आणि रडत बसत नाही. विदर्भाच्या मातीतल्या या नाटककाराला नागपूरच्या ९९ व्या नाट्यसंमेलनाचे अध्यक्षपद २०१९ मध्ये मिळाले.

त्याच वर्षी जानेवारीत यवतमाळात ९२ वे साहित्य संमेलन झाले. नयनतारा सहगल यांना दिलेले उद्घाटनाचे निमंत्रण आयोजकांनी मागे घेतले आणि अखेर उद्घाटन केले वैशाली येडे यांनी. वर्तमानपत्रांनी त्यांना शेतकरी विधवा म्हणून रंगवले. त्या नटीही आहेत, हे फारसे कोणी ठळक केले नाही. श्याम पेठकरांनी लिहिलेल्या आणि हरीश इथापे यांनी बसवलेल्या ‘तेरवं’ या नाटकात आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या बायका स्वतः उभ्या राहतात, वैशाली येडे त्यांपैकी एक. येथे ज्याचे दुःख त्याचाच देह आणि त्याचाच आवाज आहे. लेखक-दिग्दर्शक बाहेरचे आहेत, त्याने बिघडत नाही. चिटणीसही दलित नव्हते. फरक एवढाच की त्या बायकांना कोणी आधी टोप घालायला लावला नाही. अशा नाटकाला महोत्सवात प्रवेश मिळाला असता तर त्याच्या ‘रंगभूषे’ला आम्ही किती गुण दिले असते, याचा विचार मी करत असतो.

आणि विद्यापीठ नाव कोणाचे लावते? गाडगेबाबांचे कीर्तन म्हणजे या वऱ्हाडातला सर्वांत मोठा नाट्यप्रयोग. परटाच्या घरचा हा माणूस आधी गाव झाडायचा, मग उभा राहून प्रश्न विचारायचा आणि श्रोते उत्तर द्यायचे. नाच, गाणे, नक्कल, टोमणा, सगळे त्यात होते, आणि टोमणे मुळीच निरागस नव्हते. कर्ज काढून सण करणाऱ्याला, बोकड कापणाऱ्याला ते तोंडावर विचारत. आजच्या नियमांत ते कोणत्या प्रकारात बसले असते?

परवा त्या मुलाची पुन्हा भेट झाली. नाचायचे त्याने नाकारले नव्हते, हे मला तेव्हा कळले. त्याला नाचायचेच होते. त्याने आपल्या वर्गातल्या आणखी सातजणांना, त्यांत दोन बंजारा मुली आणि एक कोलाम मुलगा आहे, गोळा करून दुसरीच रचना मांडली आहे. पहिली दोन मिनिटे पोतराज येतो तसाच येतो. मग बाप येतो, शर्ट-पँटमध्ये, आणि मंचावर त्याचे केस कापतो. ढोल थांबत नाही. उरलेला नाच कापलेल्या केसांचा, कोरडा जमिनीवर पडलेला, आणि मधे बाप व आजा यांचे चार-सहा वाक्यांचे भांडण. आज्याला केस कापून घ्यायचे नव्हते, देवीचे भय होते, हेही त्यात आहे. मला हा भाग फार खरा वाटला.

दिग्दर्शकाचे म्हणणे आहे की संवाद आले म्हणजे हे लोकनृत्य राहत नाही, आणि एकांकिका म्हणावी तर दहा मिनिटांची एकांकिका कोणी ऐकली? प्राचार्यांना भीती आहे की चमू बाद ठरेल. मी त्यांना सांगितले की बाद झाला तर होऊ द्या, अर्ज लोकनृत्यातच भरा. विषयाची टीप मुलाने स्वतः लिहिली आहे, मी फक्त शुद्धलेखन पाहिले. परीक्षकांनी ती नाच सुरू होण्याआधी वाचावी, एवढी विनंती मी आयोजकांना पत्राने करणार आहे. सध्या तालमीत वाद चालला आहे तो कात्रीवरून. मुलींचे म्हणणे लाकडी कात्री घ्यावी, मुलाला खरी हवी आहे.