हरवणे, पळवणे, लपवणे : एका कादंबरीतील कर्त्याचा शोध

मूल नाहीसे होणे ही घटना एकच असली, तरी ती सांगावयास भाषेपाशी क्रियापदे अनेक असतात. आणि त्यांतील कोणते निवडले जाते यावरून दोष कोणाच्या माथी जावयाचा हे बव्हंशी ठरून जाते. 'मुलगी पळून गेली' असे म्हटले की कर्तृत्व मुलीकडे जाते व त्याबरोबर ठपकाही जातो. 'मुलीला पळवून नेले' असे म्हणताच तीच मुलगी कर्म होते आणि गावाला एक कर्ता शोधावा लागतो. 'मुलगी हरवली' या वाक्यात मात्र कोणीच काही केलेले नसते. लिझ मूर या अमेरिकन लेखिकेची 'द गॉड ऑफ द वुड्स' ही 2024 साली प्रसिद्ध झालेली कादंबरी वरकरणी रहस्यकथा आहे. परंतु तिचे खरे रहस्य या क्रियापदांच्या निवडीत आहे, असे प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे.

प्रथम मराठी क्रियापदांचा थोडा विचार करू. पळणे-पळवणे, लपणे-लपवणे, बुडणे-बुडवणे या जोड्यांत पहिले रूप साधे व दुसरे प्रयोजक आहे. '-व-' हा प्रत्यय आला की क्रिया घडविणारा कोणी तरी दुसरा वाक्यात शिरतो. 'हरवणे' या क्रियापदाचे वर्तन मात्र निराळे आहे. खेळात 'हरणे' आणि प्रतिस्पर्ध्याला 'हरवणे' ही जोडी नियमाप्रमाणे चालते. परंतु 'मुलगा हरवला' या वाक्यातील हरवणे रूपाने प्रयोजकासारखे असूनही अर्थाने अकर्मक आहे. प्रत्यय दिसतो, पण ज्याने घडविले तो दिसत नाही. 'त्याने किल्ली हरवली' असे आपण सहज म्हणतो. 'आईने मूल हरवले' असे म्हणताना मात्र जीभ अडखळते. व्याकरणाची त्यास हरकत नाही. हरकत आहे ती आपल्या मनाची. या अडखळण्यातच कादंबरीचा गाभा आहे.

कथानक थोडक्यात असे. न्यूयॉर्क राज्याच्या उत्तरेकडील अ‍ॅडिरॉन्डॅकच्या अरण्यात व्हॅन लार या धनाढ्य घराण्याची मोठी जमीन आहे. तिच्यावर मुलांसाठी 'कॅम्प एमर्सन' हे उन्हाळी शिबिर चालते. 1975 च्या ऑगस्टात एके सकाळी मालकांचीच किशोरवयीन मुलगी बार्बरा शिबिरातील आपल्या बिछान्यावर आढळत नाही. या वार्तेने सर्वांच्या मनात जुनी जखम उघडी पडते, कारण 1961 साली तिचा आठ वर्षांचा भाऊ बेअर याच अरण्यात नाहीसा झालेला असतो व त्याचा थांग लागलेला नसतो. निवेदन या दोन वर्षांच्या व मधल्या काळाच्या दरम्यान पुढेमागे फिरते. मुलांची आई अ‍ॅलिस, शिबिरातील तरुण कार्यकर्ती लुईझ, बार्बराची सोबतीण ट्रेसी, पोलीस खात्यातील नवखी तपासनीस ज्युडिटा अशा अनेकींच्या दृष्टीतून ते होते.

बेअरच्या बाबतीत त्या परिसराने जे क्रियापद स्वीकारले ते 'पळवून नेला' हे. कर्ता म्हणून कार्ल स्टॉडर्ड या माळीकाम करणाऱ्या गरीब गृहस्थाचे नाव पुढे आले, आणि स्वतःची बाजू मांडण्यापूर्वीच तो मरण पावला. मृत मनुष्य वाक्य दुरुस्त करू शकत नाही. त्याची पत्नी व मुले मात्र त्याच वाक्याच्या छायेत चौदा वर्षे जगली. 1975 मध्ये बार्बराच्या प्रकरणातही संशय प्रथम वळतो तो लुईझकडे, म्हणजे पुन्हा हाताखालच्या मनुष्याकडेच. घराण्याची सत्ता केवळ जमिनीवर व पैशावर नाही. रिकाम्या कर्तृस्थानी कोणाला बसवावयाचे हे ठरविण्याचा अधिकार हीच तिची खरी सत्ता होय. लेखिकेने हा मुद्दा व्याख्यान न देता घटनाक्रमातून उभा केला आहे, हे तिच्या कौशल्याचे लक्षण मानावे लागेल.

कादंबरीची उकल सांगितल्यावाचून पुढील विवेचन शक्य नाही. बेअरला कोणी नेलेले नसते. मद्याच्या अमलाखाली असलेली अ‍ॅलिस त्याला नावेतून तळ्यावर घेऊन जाते आणि मुलगा बुडतो. त्यानंतर घराण्यातील पुरुष प्रेत पुरून घटना दडपतात. खुद्द अ‍ॅलिसलाही सत्य कळू दिले जात नाही. ती त्याची वाट पाहत राहते. म्हणजे घडले ते 'बुडणे', केले गेले ते 'लपवणे', आणि सांगितले गेले ते 'पळवणे'. तीन क्रियापदे तीन निरनिराळ्या माणसांच्या खात्यावर पडली. ज्याच्या खात्यावर सर्वांत जड क्रियापद पडले, त्याने यातले काहीच केलेले नव्हते. 'आईने मूल हरवले' हे जे वाक्य उच्चारता येत नाही, ते टाळण्यासाठी एका निरपराध मनुष्याचे नाव खर्ची पडले.

अ‍ॅलिसच्या दृष्टीतून लिहिलेली प्रकरणे मला या कादंबरीतील सर्वांत सरस वाटतात. औषधांच्या व मद्याच्या धुक्यात वावरणारी ही स्त्री स्वतःच्या आयुष्याची कर्ती क्वचितच असते. तिचे लग्न लावून दिले जाते, मूल तिच्याकडून काढून दाईच्या हाती दिले जाते, तिला उपचारासाठी ठेवले जाते. जिच्या वाट्याला सदैव कर्मणी प्रयोगच आला, तिच्याकडून एकदाच कर्तरी प्रयोग घडला आणि तो घातक ठरला. तिला सत्य न सांगण्यात दया होती की क्रौर्य, या प्रश्नाचे उत्तर लेखिका देत नाही, आणि ते न देणेच योग्य आहे.

बार्बराची कथा याच्या उलट चालते. तिला कोणी पळवलेले नसते आणि ती हरवलेलीही नसते. शिबिराची प्रमुख टी. जे. ह्यूइट हिच्या साहाय्याने ती आपल्या इच्छेने लपते, सज्ञान होईपर्यंत घराण्यापासून दूर राहता यावे म्हणून. 'लपवले' या क्रियापदाने भावाचा बळी घेतला. 'लपली' या क्रियापदाने बहीण वाचली. अखेरीस ज्युडिटा तिला शोधून काढते व गप्प राहते. बालपणी अरण्यात वाट चुकल्यास जागीच बसून हाका माराव्यात असे या शिबिरात मुलांना शिकवितात. ज्या मुलीला सापडावयाचेच नाही, तिला हा नियम लागू पडत नाही, ही येथील खोच आहे.

तथापि येथे एक आक्षेप नोंदविणे आवश्यक आहे. कादंबरी दोन्ही कोडी पूर्णपणे सोडविते. प्रत्येक क्रियापदाला तिचा योग्य कर्ता मिळतो. तुरुंगातून निसटलेला खुनी जेकब स्लुटर हे पात्र तर मुख्यतः वाचकाचा संशय भलतीकडे वळविण्यासाठी व पुढे तपासाला हात देण्यासाठी आणले आहे असे वाटते. प्रत्यक्षात असे घडत नाही. त्याच अ‍ॅडिरॉन्डॅकमध्ये न्यूकोम्ब गावाजवळील सँटानोनी या खासगी वनजमिनीवरून 1971 च्या जुलैत मालक कुटुंबातील आठ वर्षांचा एक मुलगा नाहीसा झाला. मोठा शोध होऊनही तो मिळाला नाही. पुढच्याच वर्षी ती जमीन राज्याच्या मालकीची झाली, आणि आज ज्या वाटांवरून प्रवासी हिंडतात त्या वाटांपाशी ते वाक्य अद्याप कर्त्यावाचूनच उभे आहे.

या दृष्टीने जोन लिंडसे यांची 'पिकनिक अ‍ॅट हँगिंग रॉक' ही 1967 ची ऑस्ट्रेलियन कादंबरी तुलनेस घेण्याजोगी आहे. 1900 साली सहलीस गेलेल्या शाळकरी मुली एका खडकावर नाहीशा होतात आणि कथा उत्तर न देताच संपते. उत्तर देणारे अखेरचे प्रकरण छापण्यापूर्वी गाळले गेले होते. ते लेखिकेच्या मृत्यूनंतर 1987 मध्ये स्वतंत्रपणे प्रसिद्ध झाले. तरीही वाचकांनी आपली मानली ती अपुरी कादंबरीच. अर्थात लिंडसे यांच्या मौनात गूढतेचे सौंदर्य आहे, पण त्या मौनात कोणा कार्ल स्टॉडर्डला न्याय मिळत नाही. मूर यांनी सौंदर्याचा काही अंश गमावून न्याय पत्करला. या व्यवहाराची किंमत कलेने मोजली हे मान्य करूनही मी त्यास चूक म्हणणार नाही.

हा प्रश्न आपल्या विद्यार्थ्यांस दूरचा वाटू नये. कायद्याचीही स्वतःची क्रियापदे असतात. सात वर्षे ज्याची वार्ता नाही तो जिवंत आहे हे सिद्ध करण्याचा भार तसे म्हणणाऱ्यावर पडतो; 1872 च्या पुरावा कायद्यातील हे तत्त्व 2023 च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही कायम आहे. पानिपतावर 1761 मध्ये दिसेनाशा झालेल्या सदाशिवरावभाऊंच्या पत्नी पार्वतीबाईंनी मात्र आपणास मृत्यूपर्यंत विधवा मानले नाही. भाऊंचा तोतया निघाला, 1776 मध्ये त्याला देहदंड झाला. पण पार्वतीबाईंचे वाक्य कोणालाही पूर्ण करता आले नाही.

आपल्याकडे मूल घरी न परतल्यास पोलीस ठाण्यात पूर्वी बहुधा नुसती हरवल्याची नोंद होई. सर्वोच्च न्यायालयाने 10 मे 2013 रोजी 'बचपन बचाओ आंदोलन' खटल्यात आदेश दिला की, अशा प्रत्येक तक्रारीवरून गुन्हा नोंदवावा आणि प्रारंभी अपहरण वा मानवी व्यापार गृहीत धरावा. व्याकरणाच्या भाषेत बोलावयाचे तर न्यायालयाने अकर्मक क्रियापदाच्या जागी सकर्मक क्रियापद बसविले. 'अज्ञात इसमाने फूस लावून पळवून नेले' हे वृत्तपत्रांतील परिचित वाक्य पाहावे. त्यातील 'अज्ञात इसम' हा रिकाम्या जागी ठेवलेला कर्ता आहे. त्याच्यामुळे शोध घेणे कोणाचे तरी कर्तव्य होते, हा त्याचा मोठा लाभ. त्या जागी घाईने एखाद्या दुबळ्याचे नाव भरले जाणे, हा त्याचा धोका. कार्ल स्टॉडर्डची कथा या धोक्याची कथा आहे.

बुलढाणा जिल्ह्यात, घाटावर काय किंवा घाटाखाली काय, वऱ्हाडी बोलणारी आई अशा वेळी म्हणेल, 'पोरगं सापडून नाही राह्यलं.' पोलिसी कागदावर तेच 'शोध घेतला असता मिळून आला नाही' असे उतरते. पहिल्या वाक्यात क्रिया अपूर्ण आहे, शोध चालूच आहे. दुसऱ्यात ती पूर्ण होऊन मिटली आहे. प्रमाणभाषेत लिहिताना बोलीतील हा '-ऊन राहणे' चा प्रयोग अशुद्ध म्हणून खोडला जातो, आणि त्याबरोबर आईने उघडे ठेवलेले दारही लावले जाते. बोलीच्या अभ्यासकाने तक्रारदाराचे शब्द जसेच्या तसे नोंदविण्याचा आग्रह धरावा, तो केवळ भाषेच्या प्रेमापोटी नव्हे. मूर यांच्या कादंबरीत अ‍ॅलिसची वाट पाहणे या अपूर्ण काळातच चालू असते. घराण्याने मात्र चौदा वर्षे ते पूर्ण काळात लिहून ठेवले होते, तेही खोट्या कर्त्यासह. कोणत्याही तपासाचे पहिले काम हे वाक्य पुन्हा उघडणे हे होय, आणि ते काम ही कादंबरी प्रामाणिकपणे करते.