हायस्कूलचे नाटक आणि पात्रांची वाटणी

स्नेहसंमेलनात कोणते नाटक करावे, हा प्रश्न आपल्या हायस्कुलांतून शिक्षकांच्या खोलीत दहा मिनिटांत निकालात निघतो. मुलांना झेपेल असे हवे, खर्च बेताचा हवा आणि वादग्रस्त काही नको, एवढे ठरले की काम संपते. ह्या कसोट्या कोणाच्या सोयीच्या आहेत आणि त्यांच्या चाळणीतून दरवर्षी तेच ते नाटक कसे खाली पडते, हे कोणी विचारीत नाही. समीक्षकांचेही ह्या रंगमंचाकडे लक्ष नाही. व्यावसायिक आणि प्रायोगिक नाटकांवर रकाने भरतात. पण तालुक्यातल्या पुष्कळ माणसांनी पाहिलेले पहिले नाटक शाळेच्या पटांगणातले असते. नायक कसा दिसतो, कसा बोलतो, आणि हशा कोणाच्या बोलण्यावर होतो, हे ती माणसे तिथेच प्रथम शिकतात.

‘गुरुभक्ती’च्या नावाखाली सादर होणारी एकलव्याची नाटिका घ्या. आदिपर्वात द्रोण एकलव्याला शिष्य करून घेत नाही, कारण तो निषादाचा मुलगा आहे. महाकाव्याने हे कारण लपविलेले नाही. अर्जुनाहून वरचढ कोणी होऊ नये म्हणून न दिलेल्या विद्येची दक्षिणा मागितली जाते, हेही तिथे उघड आहे. शालेय नाटिका मात्र नकाराचा प्रसंग दोन वाक्यांत उरकते आणि अंगठ्याचा प्रसंग लांबविते. तांबडा प्रकाश पडतो, पेटीचे सूर लांबतात आणि पटांगण टाळ्या वाजविते. एका मुलाला विद्या नाकारली गेली, त्याने ती स्वतः मिळविली आणि ती त्याच्या हातातून कापून घेतली गेली, ह्याला टाळी पडते. आणि ती शाळेत पडते! नाटक वादग्रस्त नाही म्हणतात ते ह्यालाच.

ह्याहून घातक असते ती पात्रांची वाटणी. ‘शुद्ध बोलतो’ तो राजा होतो. ‘आनि’, ‘पानी’ म्हणणाऱ्याला भालदार, भिल्ल नाहीतर गर्दीत ढकलतात. घरची बोली मंचावर येते ती विनोदी गड्याच्या तोंडी. मग एकलव्य कोणाला द्यायचा हे रंग पाहून आणि वस्ती पाहून ठरते. वस्तीतल्या मुलाला वर्षातून एकदाच मंच मिळावा, आणि तोही आईबापांच्या देखत अंगठा देण्यासाठी, ह्यात काही चुकते असे निवड करणाऱ्यांना वाटत नाही. संहिता निवडणे म्हणजे कोणत्या मुलाच्या तोंडी कोणते शब्द जाणार हे निवडणे. नाटकाचा ‘संदेश’ कितीही उदात्त असला तरी हा हिशेब चुकत नाही.

आपल्या परंपरेत दुसरी नाटके नाहीत, असे म्हणण्याची सोय नाही. म. भि. चिटणीस यांचे ‘युगयात्रा’ मिलिंद महाविद्यालयात डॉ. बाबासाहेबांसमोर झाले. त्यात पात्रे भरपूर असल्यामुळे वर्गच्या वर्ग कामाला लागू शकतो. लांब भाषणे मात्र छाटावी लागतील. प्रेमानंद गज्वी यांची ‘घोटभर पाणी’ ही एकांकिका शाळेला सहज परवडते. तिथेही वाटणीचा प्रश्न सुटत नाही. पाणी नाकारले जाण्याचा अनुभव ज्याच्या घरात आहे त्यालाच पुन्हा तहानलेला उभा करू नये. ती तहान वरच्या आळीतल्या मुलाने एकदा करून पाहावी.

पण माझे मत जोतीराव फुले यांच्या ‘तृतीय रत्न’ला आहे. १८५५ साली लिहिलेले हे नाटक दक्षिणा प्राइझ कमिटीने नाकारले, आणि ते छापून यायला १९७९ साल उजाडले. कथा साधी आहे. गरोदर कुणबीण दारात आलेल्या जोशाच्या ग्रहदशेला भिते, नवराबायको खर्चात लोटली जातात, आणि शेवटी दोघे शिकायला जाण्याचे ठरवितात. शिक्षण म्हणजेच ते तिसरे रत्न. शाळेत करायला ह्याहून शाळेचे नाटक कोणते? शिवाय त्याला मुकुट, तलवारी, भाड्याचा कपडेपट लागत नाही. आणि भाषा? कुणबीण आणि तिचा नवरा घरात बोलतात तसे बोलतात. जी जीभ एरवी पात्रनिवडीत नापास होते, तीच इथे भूमिकेची पहिली अट ठरते.

त्यातील विदूषक तर मुद्दाम पाहण्यासारखा आहे. संस्कृत नाटकातला विदूषक हा राजाचा खादाड ब्राह्मण मित्र. जोतीरावांनी ते पात्र उचलले आणि उलटे फिरविले. त्यांचा विदूषक प्रेक्षकांच्या बाजूने उभा राहून जोशाची चलाखी उघडी पाडतो. तमाशातला सोंगाड्या ज्यांनी पाहिला आहे त्यांना हा परका वाटणार नाही. वेळ वाचविण्यासाठी प्रथम त्याच्यावर कात्री चालविण्याचा मोह होतो, कारण त्याच्यावाचून कथा पुढे सरकते. पण तो गेला की उरते ती फक्त एका भोळ्या बाईच्या फसवणुकीची गोष्ट.

कात्री लावायची तर पाद्र्याच्या संवादांना लावावी. नाट्य म्हणून तेच सर्वांत सैल आहेत. मात्र त्याला समूळ काढू नये. आज मुख्याध्यापक त्याच्या नावाने बिचकतील. पण मिशनऱ्यांच्या शाळेशी जोतीरावांचा आलेला संबंध हा इतिहास आहे, आणि भित्रेपणाने इतिहास गाळणे हे संपादन नव्हे.

नववीतल्या मुलीने गरोदर बाईची भूमिका कशी करायची, हाही आक्षेप येईल. त्याच १८५५ साली जोतीरावांच्या शाळेतली मुक्ता, जवळजवळ ह्याच वयाची मांग समाजातली विद्यार्थिनी, मांग-महारांच्या दुःखावरचा निबंध ‘ज्ञानोदया’त छापून आणीत होती. त्या निबंधात बाळंतीण होणाऱ्या बायांच्या हालांचा उल्लेख आहे. झेपेल की नाही, हे मुलींना विचारून ठरवावे.

राहता राहिला जोशी. नाटकातले सर्वांत रंगतदार काम त्याचे आहे. ते आडनाव पाहून देऊ नये, आणि ‘आपल्या’ मुलाने ते कशाला करायचे असा हट्ट वस्तीनेही धरू नये. ज्याला तो गोड बोलण्याचा कावा हुबेहूब साधेल त्याला ते द्यावे. चाळीस मिनिटांची संहिता दिवाळीच्या सुटीआधी मुलांच्या हाती पडली, तर जानेवारीपर्यंत नाटक बसते.