संगीत-संग्रहातील नोंदीचा प्रश्न : कोल्हापूरच्या संदर्भात काही विचार

ग्रंथपालांच्या मेळाव्यांतून जागा, निधी आणि सेवकवर्ग यांची चर्चा अग्रभागी असते, आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु संगीत-संग्रह सांभाळणाऱ्यांचा प्रादेशिक मेळावा भरवावयाचा झाल्यास त्याने प्रथम एका वेगळ्याच प्रश्नाची उकल केली पाहिजे. तो प्रश्न असा की, ज्या वस्तूची नोंद करावयाची ती वस्तू नेमकी कोणती? या प्रश्नाला उत्तर न देता केलेली सूची कितीही नीटनेटकी असली तरी अभ्यासकाच्या उपयोगी पडत नाही.

संगीत-ग्रंथालयांची आंतरराष्ट्रीय संघटना १९५१ साली पॅरिस येथे स्थापन झाली. १९५२ मध्ये हस्तलिखित व मुद्रित संगीत-साधनांच्या, आणि १९६६ मध्ये संगीतविषयक वाङ्मयाच्या जागतिक सूचीचे कार्य सुरू झाले. हे कार्य थोर आहे यात शंका नाही. तथापि त्याच्या मुळाशी रचनाकार, कृती आणि आवृत्ती ही त्रयी आहे. कृतीच्या आरंभीच्या स्वरांवरून ती ओळखण्याची तेथील पद्धतीही या त्रयीवरच उभी आहे. ख्यालगायनास ती जशीच्या तशी लागू पडत नाही. बंदिशीचे शब्द, राग व ताल ठरलेले असले तरी घराण्यागणिक तिचा मुखडा बदलतो, आणि गायक जे उभे करतो ते बंदिशीची 'प्रत' नसून तिचा विस्तार असतो. तेव्हा आरंभीच्या स्वरांपेक्षा बंदिशीचे आरंभीचे शब्द, राग, ताल आणि गुरुपरंपरा या चार खुणा आपल्याकडे अधिक विश्वसनीय ठरतात.

पं. विष्णु नारायण भातखंडे यांनी 'क्रमिक पुस्तक मालिके'च्या सहा भागांत शेकडो बंदिशी स्वरलिपिबद्ध केल्या. ही मालिका म्हणजे एक प्रकारचे ग्रंथालयच होय. परंतु स्वरलिपी बंदिशीचा सांगाडा देते, गायकी देत नाही. ही तिची मर्यादा सूचिकाराने ध्यानी ठेवावयास हवी. शिवाय भातखंड्यांनी १९१० साली 'श्रीमल्लक्ष्यसंगीतम्' हा संस्कृत ग्रंथ 'चतुर पंडित' या नावाने प्रसिद्ध केला. दोन्ही नावे एकमेकांशी जोडून न दाखविल्यास एकाच लेखकाचे दोन लेखक होतात. बंदिशींतील 'सदारंग', 'प्रेमपिया' यांसारख्या मुद्रांच्या बाबतीत हा धोका अधिकच वाढतो.

कोल्हापूरच्या संदर्भात प्रश्नाचे स्वरूप अधिक स्पष्ट होते. उस्ताद अल्लादिया खाँ हे छत्रपती शाहू महाराजांच्या आश्रयाने येथे राहिले आणि त्यांच्या गायकीस येथेच परिपक्वता आली. अनवट व जोड राग हे या गायकीचे एक प्रमुख वैशिष्ट्य. मालकंस हा पाच स्वरांचा राग. या परंपरेतील संपूर्ण मालकंस सात स्वरांचा. सूचिकाराने सोयीसाठी दोहोंची नोंद 'मालकंस' या एकाच मथळ्याखाली केली, तर ज्या वेगळेपणासाठी तो राग जपला गेला तेच वेगळेपण सूचीतून नाहीसे होते. बसंती केदार शोधणाऱ्यास बसंत आणि केदार या दोन्ही मथळ्यांवरून त्याच्याकडे जाता आले पाहिजे.

दुसरे उदाहरण गोविंदराव टेंबे यांचे. 'मानापमान' हे नाटक १९११ साली रंगभूमीवर आले. ग्रंथालयाच्या सूचीत ते कृ. प्र. खाडिलकर यांच्या नावे, नाटक या वर्गात, सापडते. पदांना चाली देणारे टेंबे मात्र त्या नोंदीत सापडतीलच असे नाही. वास्तविक संगीत नाटकांच्या मुद्रित प्रतींत पदांच्या माथ्यावर राग, ताल व मूळ चीजेची 'चाल' छापण्याची प्रथा होती. म्हणजे ही पुस्तके अजाणतेपणी तत्कालीन बंदिशींची सूचीच होत. त्यांतील चालींचे उल्लेख वेगळे काढून मांडले तर कोणती चीज रंगभूमीवर कधी पोहोचली याचा इतिहास हाती येईल.

नोंदीतील उणीव किती दूरवर जाऊ शकते याचे उदाहरणही याच परंपरेत आहे. १९७७ साली व्हॉयेजर यानांसोबत पाठविलेल्या ध्वनिमुद्रिकेत केसरबाई केरकर यांची 'जात कहाँ हो' ही चीज आहे. तिच्या प्रसिद्ध सूचीत देश, चीजेचे आद्यशब्द व गायिकेचे नाव आढळते. 'राग' हा शब्दही आढळतो. परंतु तो राग भैरवी, हे तेथे सांगितलेले नाही. रसिकाला जे प्रथम जाणून घ्यावेसे वाटते तेच वगळले गेले.

यावर असा आक्षेप घेतला जाईल की, ही विद्या गुरुमुखातूनच यावयाची. तिला कपाटात ठेवण्याचा खटाटोप व्यर्थ होय. आक्षेपात तथ्य आहे. ग्रंथालय गायकी जतन करू शकत नाही; ते केवळ तिच्या खुणा जतन करते. परंतु गुरुपरंपरा खंडित झाल्यावर त्या खुणांखेरीज दुसरे काय उरते? खाजगी बैठकींची ध्वनिमुद्रणे घरोघरी जीर्ण होत आहेत, आणि गायक, साथीदार व राग ओळखणारे जाणकार वृद्ध होत आहेत. फीत पुढे कदाचित दुरुस्त करता येईल; ओळखणारा माणूस गेल्यावर नोंद करता येणार नाही. अर्थात अशा ध्वनिमुद्रणांना कलावंताच्या वा वारसांच्या संमतीची नोंदही जोडलेली असावी. अन्यथा संग्रह म्हणजे परस्पर केलेला अपहार ठरेल.

मेळावा प्रादेशिक का असावा, याचे उत्तरही या परंपरेतच आहे. तिचे नाव जयपूर-अत्रौलीचे, वाढ कोल्हापूरची. केसरबाई व मोगूबाई कुर्डीकर गोमंतकाच्या, तर मल्लिकार्जुन मन्सूर धारवाडकडचे. शासकीय सीमांप्रमाणे केलेली सूची या परंपरेचे तीन तुकडे करील. कोल्हापूर संस्थानने १९४५ साली, मद्रासच्या १९४८ च्या कायद्यापूर्वी, सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला होता. ज्या नगरीने ग्रंथांच्या बाबतीत ही दूरदृष्टी दाखविली, तिने स्वरांच्या बाबतीत निदान समान नोंदपत्रकाचा आरंभ करावा, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.