इनिट्रॅमएफएसचा दस्तऐवज : 'का' उत्तम, 'कसं' अर्धवट

लिनक्स कर्नलच्या सोर्ससोबत कागदपत्रांचं एक मोठं फोल्डर येतं. त्यात रॉब लँडली यांनी 17 ऑक्टोबर 2005 रोजी लिहिलेला एक छोटा दस्तऐवज आहे. विषय : रॅमएफएस, रूटएफएस आणि इनिट्रॅमएफएस. कर्नल अपग्रेड करताना बूट इमेज का बनवावी लागते, याचं मुळापासून स्पष्टीकरण हवं असेल तर तो वाचाच. सिस्टिम्समध्ये पीएचडी करायचा विचार असेल तर जरूर वाचा. पण तो कुठे थांबतो, हेही लक्षात ठेवून वाचा.

आधी प्रश्न काय आहे ते बघू. कर्नलला डिस्कवरची मूळ फाइल सिस्टिम माउंट करायची असते. त्यासाठी डिस्कचा ड्रायव्हर लागतो. तो मॉड्यूल म्हणून बनवलेला असेल तर तो असतो त्याच डिस्कवर! किल्ली कपाटात ठेवून कपाटाला कुलूप लावल्यासारखं झालं. म्हणून बूटलोडर कर्नलसोबत एक छोटं गाठोडं मेमरीत आणतो. त्यात गरजेचे मॉड्यूल आणि 'इनिट' नावाचा प्रोग्रॅम असतो. कर्नल ते उघडतो आणि 'इनिट'ला पहिली प्रोसेस म्हणून चालवतो. खरी डिस्क शोधून माउंट करणं हे पुढे 'इनिट'चं काम.

लँडली हे सांगताना थेट उत्तरावर उडी मारत नाहीत, आणि मला त्यांच्या लेखनातली हीच गोष्ट सगळ्यात शिकण्यासारखी वाटते. ते आधी जुनी रॅम डिस्क मांडतात आणि तिचं कुठे अडतं ते दाखवतात. आकार ठरलेला, वाचायला वेगळा फाइल सिस्टिम ड्रायव्हर हवा, आणि तोच डेटा मेमरीत विनाकारण पुन्हा कॉपी होतो. एवढं कळल्यावर नवी रचना आपसूक पटते. गाठोड्यासाठी टार न घेता सीपीआयओ का घेतला, यावर तर स्वतंत्र भाग आहे. निर्णय डिसेंबर 2001 चा. त्यावरचे आक्षेप काय आणि त्यांना उत्तर काय, हे मुद्देसूद दिलंय. तुमच्या थिसिसमध्ये डिझाइनचं प्रकरण लिहाल तेव्हा हे आठवा. 'आम्ही अमुक वापरलं' एवढ्यावर परीक्षक थांबत नाहीत, 'तमुक का नाही?' हे विचारतातच.

दुसरी जमेची बाजू म्हणजे त्यातला प्रयोग. फक्त 'हॅलो वर्ल्ड' छापणारा, स्टॅटिक लिंक केलेला प्रोग्रॅम हाच 'इनिट' म्हणून बांधायचा आणि क्यूईएमयूमध्ये बूट करायचा. एवढंच! बाकी सगळं बाजूला सारून एकच गोष्ट तपासायची.

आता तक्रार. पहिली अडचण : गाठोड्यात नेमकं काय भरायचं, या प्रश्नाशी आल्यावर दस्तऐवज वाचकाला बाहेरच्या जुन्या मार्गदर्शिकांकडे पाठवतो. कर्नल अपग्रेड जेव्हा फसतो तेव्हा तो बहुतेक वेळा इथेच फसतो. नवा कर्नल आला, पण त्याची इमेज बनलीच नाही, किंवा बूट पार्टिशन भरल्यामुळे अर्धवट बनली. जुनी इमेज नव्या कर्नलला चालत नाही, कारण तिच्यातले मॉड्यूल जुन्या आवृत्तीसाठी बांधलेले असतात. मग स्क्रीनवर रूट फाइल सिस्टिम माउंट करता येत नाही असा संदेश येतो आणि कर्नल पॅनिक. अशा वेळी कामाचा बूट पर्याय, 'आरडीइनिट'ला थेट शेल देणं, दस्तऐवजात आहे. पण तो ओझरता येऊन जातो.

दुसरी अडचण काळाची. मजकूर 2.6 कर्नलच्या जगात बोलतो. गाठोडं जीझिपने दाबलेलं असतं असं तो सांगतो. आज एक्सझेड, एलझेड4, झेडस्टँडर्डही चालतात. 'पुढची दिशा' म्हणून जे लिहिलं, ते कधीच रोजचं झालंय.

तुम्ही म्हणाल, कर्नलच्या कागदपत्रांनी कर्नलची बाजू सांगितली, इमेज बनवणारी साधनं तर डिस्ट्रिब्युशनची. बरोबर आहे. लेखकाला दोष द्यायचा नाहीये. पण या दोन घरांच्या मधली जागा कुणाचीच नाही, आणि तुमचा प्रयोग नेमका तिथे उभा असतो.

कसा ते बघा. पेपरमध्ये आपण लिहितो, 'प्रयोग लिनक्स 6.1 वर केले'. पण त्याच आवृत्तीची इमेज दोन मशीनवर वेगळी असू शकते. डेबियनच्या इनिट्रॅमएफएस-टूल्समध्ये बहुतेक सगळे मॉड्यूल भरा किंवा या मशीनपुरतेच भरा, असे पर्याय आहेत. फेडोराच्या ड्रॅकटमध्येही फक्त या होस्टपुरती इमेज बनवता येते. खरी डिस्क माउंट झाल्यावर इमेजचा पसारा मेमरीतून पुसला जातो, म्हणून बऱ्याच प्रयोगांना फरक पडत नाही. पण त्याच इमेजच्या सुरुवातीला, न दाबलेल्या भागात, प्रोसेसरचा मायक्रोकोड असू शकतो. 2018 च्या स्पेक्टरनंतर काही सुरक्षा उपाय मायक्रोकोडवर अवलंबून आहेत, आणि ते उपाय वेगावर परिणाम करतात. म्हणजे कर्नल तोच, इमेज वेगळी, आकडे वेगळे! लँडलींच्या दस्तऐवजात हा धागा सापडणार नाही.

म्हणून अपग्रेडच्या आधी आणि नंतर चार गोष्टी वहीत नोंदवा : 'यूनेम'ने मिळणारी आवृत्ती, 'एलएसइनिट्रॅमएफएस' किंवा 'एलएसइनिटआरडी'ने मिळणारी इमेजमधल्या फाइल्सची यादी, 'सीपीयूइन्फो'मधला मायक्रोकोडचा आकडा, आणि कर्नल दाखवतो ती सीपीयूच्या त्रुटींची स्थिती. जुना कर्नल ग्रबच्या मेन्यूत राहू द्या, नवा नीट बूट होईपर्यंत काढू नका. हे सगळं आधी व्हर्च्युअल मशीनवर करा, लॅबच्या सर्व्हरवर नको. तिथे आणखी चार जणांचे प्रयोग चालू असतात.