सायकलप्रवासाचे गद्य आणि जालना जिल्ह्याची भूमी

तीर्थाटन, दुर्गभ्रमण आणि परदेशप्रवास या वाटांनी आपले प्रवासवाङ्मय आजवर चालत आले. अलीकडे त्यात सायकलप्रवासाच्या वृत्तांतांची भर पडू लागली आहे. हे लेखन अद्याप थोडे आहे. तथापि त्याचे काही संकेत इतक्या लवकर ठरून गेले आहेत, की त्यांची चिकित्सा आताच केलेली बरी. या लेखकांचे साहस आणि शारीरिक कष्टांची त्यांनी केलेली प्रांजळ नोंद यांविषयी आदर बाळगूनही एक आक्षेप नोंदविणे प्रस्तुत लेखकास आवश्यक वाटते. ‘वनाच्छादित टेकड्या’ आणि ‘मध्ययुगीन खेडी’ ही शब्दांची जोडी या गद्यात हटकून भेटते. लेखक सह्याद्रीत असो, सातपुड्यात असो वा मराठवाड्यात, टेकडी आली की ती वनाच्छादित होते आणि जुने देऊळ दिसले की खेडे मध्ययुगीन ठरते. ही जोडी आपल्या भूमीवर कितपत बसते, हे एका विशिष्ट प्रदेशावर पडताळून पाहण्याचा येथे हेतू आहे. त्यासाठी जालना जिल्हा निवडला, कारण तेथे ती मुळीच बसत नाही, आणि ती का बसत नाही हे पाहण्यातच खरा लाभ आहे.

ही जोडी आली कोठून, हे शोधणे अवघड नाही. एलिझाबेथ व जोसेफ पेनेल या अमेरिकन दांपत्याने १८८४ मध्ये तीनचाकी सायकलवरून फ्लॉरेन्स ते रोम असा प्रवास केला. पत्नीने वृत्तांत लिहिला आणि पतीने चित्रे काढली. पुढे १८८५ च्या सुमारास समान चाकांची ‘सेफ्टी’ सायकल व १८८८ मध्ये डनलॉपचा हवेचा टायर आल्यावर युरोपात सायकलसहलींचे आणि सहलवृत्तांतांचे पीकच आले. मध्य इटलीतील गावे संरक्षणासाठी टेकडीच्या माथ्यावर वसली, भोवती दगडी तट, उतारांवर झाडी. साहजिकच तेथील वृत्तांताला एक क्रम लाभला: झाडीतून कष्टाचा चढ, दम लागणे, आणि शेवटी माथ्यावर कष्टाचे फळ म्हणून गाव. भूमीने दिलेला हा क्रम तेथे खोटा नाही. आपल्याकडे आला तो भूमीवाचून आला, आणि त्याच्यासोबत विशेषणेही आली.

आता जालन्याकडे वळू. १ मे १९८१ रोजी वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याच्या उत्तरेस अजिंठ्याच्या रांगा आहेत. भोकरदन व जाफराबाद हे तालुके पूर्णेच्या खोऱ्यात येतात, मध्यभागी दुधना वाहते आणि दक्षिणेची सीमा गोदावरी आखते. महाराष्ट्रात ज्या जिल्ह्यांत वनक्षेत्र अत्यल्प आहे, त्यांत याची गणना होते. येथील बहुतेक जुनी गावे नदीच्या वा ओढ्याच्या काठी, म्हणजे उताराच्या तळाशी आहेत. टेकडीवर असतो तो देव: राजूरचा गणपती टेकडीवर, अंबडची मत्स्योदरी माशाच्या आकाराच्या टेकडीवर, आणि गाव पायथ्याशी. म्हणून येथे सायकलस्वार गावात शिरतो तो उताराने, पायडल न मारता. चढ लागतो तो गाव सोडल्यानंतर. युरोपीय वृत्तांतात कष्टानंतर गाव येते, तर येथे गावानंतर कष्ट येतात. माळावरून गाव दिसते तेही आधी झाडांच्या शेंड्यांच्या रूपाने, खालून वर येणाऱ्या हिरव्या रेघेसारखे. ज्या लेखकाने ही उलटापालट अंगाने अनुभवली, त्याच्या वाक्यांचा क्रम त्याने बदलावयास हवा होता. तो बदलत नाही, कारण क्रम त्याने आधीच उसना घेतलेला असतो.

‘वनाच्छादित’ या विशेषणाची कथा याहून उद्बोधक आहे. वनासाठी बोलीत जे दोन शब्द आहेत, ते दोन्ही येथे फसवे ठरतात. ‘रान’ हा ‘अरण्य’ शब्दाचा प्राकृतातून आलेला वंशज. परंतु मराठवाड्यात ‘रानात गेला’ म्हणजे शेतात गेला. झाडी तुटून शेती आली, आणि शब्द मात्र जागचा हलला नाही. रान कोठे लागेल, असे येथे कोणी विचारले तर त्याला कपाशी किंवा मोसंबीची बाग दाखवितील, आणि दाखविणाऱ्याचे काही चुकलेले नसेल. ‘जंगल’ या शब्दाचा प्रवास उलट दिशेचा आहे. संस्कृत ‘जांगल’ म्हणजे दाट अरण्य नव्हे. चरकादी वैद्यकग्रंथांत जांगल देश हा आनूप देशाच्या, म्हणजे पाणथळ व दाट झाडीच्या प्रदेशाच्या, विरुद्ध टोकाचा सांगितला आहे: कोरडा, मोकळा, वाऱ्याचा, शमी, खैर, बोर अशा विरळ काटेरी झाडांचा. फ्रान्सिस झिमरमान या फ्रेंच अभ्यासकाने १९८२ मधील आपल्या ग्रंथात या भेदाची विस्तृत चर्चा केली आहे. पुढे शब्दाचा अर्थ पालटला, ‘जंगल’ म्हणजे निबिड वन असे झाले, आणि इंग्रजीने तो तसाच उचलला. गंमत अशी की भोकरदनच्या वाटेवरील बोरी-बाभळींचा माळ हा आजच्या अर्थाने जंगल नसला तरी जुन्या अर्थाने अस्सल जांगल आहे. ‘वनाच्छादित’ हा शब्द त्या माळावर टाकला की वन तर दिसत नाहीच, जे आहे तेही झाकले जाते.

मग येथे वन नव्हतेच काय? निदान झाडे होती, आणि ती गावांच्या नावांत शिल्लक आहेत. टेंभुर्णी, पळसखेडा, पिंपळगाव ही नावे वाचावयास कोशाची गरज नाही. समर्थ रामदासांचे १६०८ मधील जन्मगाव जांब. आज मराठवाड्यात ‘जांब’ म्हणजे पेरू, पण पेरू हा अमेरिकेतून आलेला पाहुणा, तेव्हा गावाच्या नावामागे जुना ‘जंबू’ असणे अधिक संभवनीय आहे. भोकरदनचे प्रकरण जरा गुंतागुंतीचे आहे. हे प्राचीन ‘भोगवर्धन’ होय, याविषयी विद्वानांत मतैक्य आहे; सांची व भारहूत येथील दानलेखांत भोगवर्धनच्या दात्यांचा उल्लेख येतो, आणि १९७० नंतरच्या दशकातील उत्खननाने तेथील सातवाहनकालीन वैभव उजेडात आणले. परंतु ‘भोगवर्धन’पासून ‘भोकरदन’ हा ध्वनिमार्ग सरळ नाही. प्राकृताच्या नियमाने ‘र्ध’चा ‘द्ध’ वा ‘ड्ढ’ व्हावयास हवा. येथे रेफ टिकून त्याला स्वर लाभला आहे. त्याहून चमत्कारिक म्हणजे ‘ग’चा ‘क’ झाला आहे. मधल्या काळात ‘भोकर’ या झाडाच्या नावाने हे नगरनाम आपल्याकडे ओढून घेतले असावे, असा माझा तर्क आहे. तो सिद्धान्त म्हणून मांडण्याचे धाडस करीत नाही. पण नगराच्या नावाला झाडाचे वळण लावण्याची लोकभाषेला सवय आहे, एवढे खरे.

‘मध्ययुगीन खेडे’ या शब्दप्रयोगाविषयीचा आक्षेप याहून गंभीर आहे. युरोपात त्याने दगडी, थांबलेले, जपून ठेवलेले गाव सूचित होते. जालन्यातील गाव यादवकाळापासून वस्तीचे असले तरी तेथे काळ थांबलेला नाही. घरे मातीची, ती पडतात, त्याच मातीवर नवी उठतात, आणि शतकानुशतकांच्या राखेने, भिंतींच्या मातीने, उकिरड्यांनी गावठाणाची जमीन भोवतालच्या काळ्या जमिनीहून फिकी व उंच होत जाते. या जमिनीला मराठीत ‘पांढरी’ म्हणतात. ‘काळी’ म्हणजे पिकाची जमीन आणि ‘पांढरी’ म्हणजे वस्तीची, ही जोडी मोल्सवर्थच्या कोशात आहे, जुन्या कागदपत्रांत आहे, आणि त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गाव-गाडा’ (१९१५) या ग्रंथाने ती सुशिक्षितांच्याही परिचयाची केली. पुरातत्त्वज्ञ ज्याला वसाहतीचे टेकाड म्हणतो, ते ओळखण्याची खूण शेतकऱ्याच्या भाषेत आधीच नोंदलेली आहे. गावात शिरताना उतार संपून एक छोटा उंचवटा चाकाला जाणवतो. तोच गावाचा इतिहास होय, आणि तो मोटारीत बसून जाणवत नाही. पांढरीवर गढी, तिचा ढासळता बुरूज, वेस, पार, गावाबाहेर बारव, क्वचित एखादी वीरगळ: इतके नेमके शब्द हाताशी असता ‘मध्ययुगीन’ या एका कोशीय विशेषणाने काम भागविणे म्हणजे पाहण्याचे श्रम वाचविणे आहे. या शब्दांची निकड दुसऱ्याही कारणाने आहे. पांढरीची माती पिकाला मानवते, म्हणून ती खणून शेतात टाकण्याची रीत जुनी आहे. कित्येक गढ्या अशा रीतीने काळीत मिसळून गेल्या. वस्तू जाते तेव्हा शब्द फार काळ मागे राहत नाही.

भूमी वाचणे म्हणजे काय, याचे एक उदाहरण याच जिल्ह्यात घडले, आणि ते आपल्या शत्रुपक्षाकडून. २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईच्या लढाईपूर्वी शिंदे व भोसले यांचे सैन्य केळना आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात उभे होते. वाटाड्यांनी वेलस्लीला सांगितले की केळनेला उतार नाही. त्याने दुर्बिणीतून पाहिले, तर नदीच्या दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावे; इंग्रजी वृत्तांतांत त्यांची नावे पीपलगाव व वारूर अशी येतात. इतकी जवळ दोन गावे, त्यांच्यामध्ये ये-जा नसणे अशक्य, तेव्हा तेथे उतार असलाच पाहिजे, असे त्याने अनुमान केले आणि ते खरे ठरले. त्या गावांना त्याने कोणते विशेषण लावले असते, हा प्रश्नच उद्भवत नाही; त्याने त्यांची जागा पाहिली. आमच्या प्रवासलेखकांना निदान अन्वा येथे तरी ही दृष्टी असावी, अशी अपेक्षा करावी काय? भोकरदन तालुक्यातील या गावचे तारकाकृती शिवमंदिर सुमारे बाराव्या शतकातील. बाहेरील वैष्णव मूर्तींमुळे ते मुळात विष्णूचे असावे, असे अभ्यासक मानतात. या मंदिराचे वर्णन करताना ‘हेमाडपंती’ हा शब्द उच्चारून पुढे जाण्याचा प्रघात आहे. मंदिराचा चौथरा गावच्या आजच्या पातळीशी कसा आहे, वाट कोणत्या अंगाने येते, पाणी कोठे आहे, हे विचारले तर मंदिर आणि गाव यांचा संबंध उलगडू लागेल.

असे प्रश्न विचारणारे गद्य आपल्या भाषेत सातशे वर्षांपूर्वी होते. चक्रधरस्वामींनी आपल्या अनुयायांना नित्य अटन सांगितले; त्यांच्या भ्रमंतीच्या आठवणी म्हाइंभटाने तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘लीळाचरित्रा’त संकलित केल्या, आणि त्या जेथे जेथे घडल्या ती ठिकाणे ‘स्थानपोथी’ने नोंदविली. डॉ. वि. भि. कोलते यांच्या संपादनांमुळे हे दोन्ही ग्रंथ आपणांस सुलभ आहेत. स्थानपोथीकडे सामान्यतः संप्रदायाची यात्रासूची म्हणून पाहिले जाते. गद्य म्हणून तिचा विचार फारसा होत नाही. तिची वाक्ये आखूड, पुष्कळदा क्रियापदावाचून, आणि दिशांनी बांधलेली आहेत: गावाच्या कोणत्या अंगाला देऊळ, त्याचे तोंड कोणीकडे, दार कोठे, त्यापासून मठ कोणत्या कोनात. सौंदर्यवाचक विशेषण जवळजवळ नाही. तरीही, किंबहुना त्यामुळेच, वाचणारा त्या गावात पाऊल टाकू शकतो. त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे पंथाने केलेले स्थानांचे वर्गीकरण. जेथे दीर्घ मुक्काम झाला ते अवस्थान, जेथे रात्र काढली ते वसतिस्थान, जेथे केवळ बसणे झाले ते आसनस्थान. स्थळाचे महत्त्व तेथील वास्तूच्या वयावर ठरत नाही; देह तेथे किती वेळ होता आणि काय करीत होता, यावर ठरते. श्रद्धेचा भाग बाजूला ठेवला तरी प्रवासगद्याचे हे शास्त्र म्हणून टिकते. सायकलस्वाराइतके ते कोणाला उपयोगी पडेल? त्याचाही सारा दिवस थांबण्याच्या प्रकारांनी मोजला जातो.

अंतराच्या मापाचेही असेच आहे. १८५७ च्या धामधुमीत उत्तरेकडे गेलेल्या विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ (लेखन १८८३, प्रकाशन १९०७) कोसांनी आणि मजलांनी चालतो. ‘मजल’ हा अरबी ‘मंजिल’चा वंशज, त्यात अंतर आणि थकवा एकत्र मोजले जातात. आजचा सायकलवृत्तांत किलोमीटरांनी भरलेला असतो, आणि चढाचे ऐंशी व उताराचे ऐंशी किलोमीटर यांतला भेद सांगण्यासाठी लेखकाला उद्गारचिन्हे वापरावी लागतात. गो. नी. दांडेकरांचे दुर्गभ्रमणाचे लेखन भावनेने कधी कधी ओथंबते, हे मान्य केले पाहिजे. परंतु कडा, घळ, सोंड, माची हे शब्द त्यांनी मावळातल्या माणसांच्या तोंडून घेतले, आणि त्यामुळे त्यांचे डोंगर एकमेकांसारखे दिसत नाहीत. मराठवाड्याच्या माळांना असा लेखक अद्याप लाभावयाचा आहे.

शब्द मात्र आहेत. माळ, बरड, टेक, बारी, पांद, गाडवाट, शिव, गायरान यांतील प्रत्येक शब्द सायकलच्या चाकाखाली वेगळा लागतो. अजिंठ्याच्या अंगाला महानुभावांचे ‘जाळीचा देव’ हे स्थान आहे. ‘जाळी’ म्हणजे झुडपांचा दाट गुंता, आणि त्या एका शब्दात वनाची जी नेमकी जात सांगितली आहे, ती ‘वनाच्छादित’ला सांगता येत नाही. शिवाय या जिल्ह्यात सायकल ही हौशी प्रवाशांची मिरास नाही. मानव विकास कार्यक्रमातून मिळालेल्या सायकलींवर खेड्यांतील मुली शेजारच्या गावच्या शाळेत जातात. कोणत्या चढाला उतरून सायकल ढकलावी लागते, वारा कोठे तोंडावर येतो, पावसाळ्यात कोणता ओढा अडवितो, हे त्यांना पाठ असते, आणि जे रोज अडविते त्याला बोलीत नाव पडतेच. भोकरदन ते अन्वा या एका वाटेवरच्या अशा नावांची यादी करणे, त्यांचे उच्चार टिपणे आणि जुन्या कागदपत्रांतील स्थलवाचकांशी ती ताडून पाहणे हे काम पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्यास एका उन्हाळ्यात करता येण्याजोगे आहे. त्यासाठी स्वतःची सायकल असलेली बरी.